तिसऱ्या ओळीतला चढ

आकांक्षा आली तेव्हा प्रमिलाबाई दारापुढच्या सपरीत, ओसरीवर, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पोरीनं फाटक लावलं, चपला काढल्या, "काकू" म्हणून हाक मारली, तरी त्यांनी मान वर केली नाही. पूर्वीच्या प्रमिलाबाई असत्या तर पाहुणी फाटकात असतानाच तिच्या ओढणीची, गाडीवरच्या धुळीची आणि वाळून काटकी झालेल्या हातांची हजेरी घेऊन झाली असती. गावात म्हणायचेच, वासुदेवरावांच्या घरी कुत्रा पाळायची गरज नाही, बाई आहे. हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नव्हता. भुंकणाऱ्याच्याच घरी चोरी होत नाही.

पण भादव्यात हर्षा गेली, आणि बाईंचं तोंडच मिटलं. तापाचं निमित्त झालं. एकुलती एक लेक, वर्ध्याला कॉलेजात गाणं शिकवायची. घरी आणली ती झाकून. बाया गळ्यात पडून रडायला आल्या, तर प्रमिलाबाईंनी त्यांना पाणी दिलं. तेरवीला आचाऱ्याला विचारलं, भात पुरते का. "दगड आहे वो बाई," असं बायांनी वळणावर जाऊन बोलून घेतलं. दगड तर दगड. पायाला मुंग्या येऊन तो जसा आपला राहत नाही, तशी सगळीच्या सगळी बाई झाली होती. चिमटा घेतला तर चिमटा कळायचा, दुखायचं नाही.

"बस," त्या आकांक्षाला म्हणाल्या. "जेवून आली का?"

"हो काकू. काका कुठे आहेत?"

"असतीन आत. कानाले मोबाईल लावून."

वासुदेवराव खरंच आत होते, आणि खरंच त्यांच्या कानाशी मोबाईल होता. हर्षा गेल्यापासून सकाळ झाली की ते तिनं गायलेलं तेच एक गाणं लावायचे. संपलं की पुन्हा. आता तर त्यांना ते पाठ झालं होतं. गाय दोहतानासुद्धा ओठ हलायचे.

त्या गाण्याचीही एक कथाच आहे.

घरात एक पोथी आहे, वासुदेवरावांच्या पणजोबांच्याही आधीची. कोणी बैरागी पावसात अडकून या घरी राहिला आणि जाताना ठेवून गेला, असं सांगतात. वाचता कोणालाच येत नव्हती, म्हणून पूजा मात्र चुकली नाही. जे वाचता येत नाही त्याला हात जोडण्यात आपले लोक पटाईत. दसऱ्याला पोथी लाल फडक्यातून काढायची, दोरा सोडायचा, मधलं पान उघडायचं आणि घरच्या लेकीनं त्यावर हळदकुंकू वाहायचं. सुनेनं नाही, लेकीनंच. सून बाहेरची, अक्षर घरचं, म्हणे. प्रमिलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या फडक्याची धूळ झटकत आल्या होत्या, पण पोथीला त्यांचं बोट लागलं नव्हतं. त्यांनाही त्याची हौस नव्हती.

हर्षा शिकली, पोथी वाचायला लागली, आणि एका मधल्या पानावर तिला गाणं सापडलं. गुरं राखणाऱ्यांचं साधंच गाणं. पण भाषा सहा-सातशे वर्षांमागची. नकलेवरून नक्कल होत होत या पोथीत आलेलं. गंमत पुढंच होती. त्या पानावर काळ्या शाईतल्या अक्षरांना लाल टिंबं दिलेली होती, काही डोक्यावर, काही पायाशी. पोथीच्या शेवटी लिहिणाऱ्यानं दोन ओळींत त्याची किल्ली देऊन ठेवली होती. डोक्यावर टिंब असेल तर आवाज पायरीभर चढवा, पायाशी असेल तर उतरवा, टिंब नसेल तर आहात तिथंच राहा.

एवढ्यावर गाणं उठत नाही. टिंब पायरी सांगतं, पायरी केवढी ते सांगत नाही. कोणत्या सुरावर सुरुवात करायची, कोणतं अक्षर किती लांबवायचं, दम कुठं घ्यायचा, यातलं काहीच कागदावर नव्हतं. हर्षानं त्यात वर्षं घातली. सुट्टीत घरी आली की भाकरी थापणाऱ्या आईच्या पाठीमागं बसून तीच ओळ दहा तऱ्हेनं म्हणायची.

"लग्नाच्या वयात गाई हाकून राह्यली," प्रमिलाबाई तव्यावरून नजर न काढता म्हणायच्या. "मेल्या माणसाचं गानं जितं करून कोनाच्या वरातीत वाजवतं व?"

"तुझ्या," हर्षा म्हणायची.

अशी पोरगी. आईचीच जीभ घेऊन आलेली.

गाण्याची तिसरी ओळ होती, *गाई गेलिया दूरि वो, पैले तीरीं*. बाकी सगळ्या गाण्यात अक्षराला एकेकच टिंब. पण 'दूरि'मधल्या 'दू'च्या डोक्यावर तीन टिंबं, एकावर एक. गाणं सरळ वाटेनं चालत यायचं, आणि तिथं एकदम तीन पायऱ्या उडी मारून वर जायचं. हर्षानं नागपूरला पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्या जागेवर सभागृहातले लोक हललेच. पेपरात आलं. "आवाज गाईंच्या मागं जातो, आई," हर्षा सांगायची. "तिथं गाणारा उठून उभा राहतो." प्रमिलाबाईंनी तेव्हा नाक मुरडलं होतं, पण शेजारच्या नलूकडं गेल्यावर पेपर तिच्या टेबलावर विसरून यायला त्या विसरल्या नाहीत.

आता वर्ध्याला कार्यक्रम होता. हर्षाच्या नावानं गाणं होणार, आकांक्षा म्हणणार, आणि आधी हर्षाचं जुनं रेकॉर्डिंग वाजणार. आकांक्षा हिंगणघाटची, हर्षाच्याच खात्यातली. दोघी एका खोलीत राहायच्या, एका डब्यात जेवायच्या. तिच्याकडून कार्यक्रमाचं आमंत्रण येईल एवढंच प्रमिलाबाईंना वाटलं होतं.

वासुदेवराव बाहेर येऊन बसले. आकांक्षानं पाणी घेतलं, पेला खाली ठेवला, उचलला, परत ठेवला.

"बोल ना व," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पेला झिजते."

"काकू, काकांनी मागं पोथी दिली होती ना, तेव्हा तिच्या पानांचे फोटो आम्ही नागपूरला एका खास दिव्याखाली काढले. जुन्या शाया वेगवेगळ्या दिसतात त्यात. टिंबं हिंगुळाची, म्हणजे लाल दगडाच्या भुकटीची आहेत, ती त्या दिव्याखाली काळी दिसतात. आणि हळद असली की उजळते, पिवळी." ती थांबली. "पूजेचे शिंतोडे आहेत पानावर, ते हर्षाला माहीत होते. ते तिनं सोडूनच दिले होते. पण तिसऱ्या ओळीतली ती तीन टिंबं… तीही उजळली."

"म्हंजे?" वासुदेवराव म्हणाले.

"म्हणजे ती लिहिणाऱ्यानं दिलेली नाहीत, काका. ते कुंकू आहे, हळदीपासून केलेलं. काडीनं दिल्यासारखं इतकं नीट आहे, की कोणीही फसलं असतं. मीही फसलेच ना."

प्रमिलाबाईंनी पुढची शेंग घेतली. फोड, दाणे, टरफल.

"मंग तो चढ?" वासुदेवरावांनी विचारलं.

"त्या कुंकवाखाली खरं टिंब असेल, नसेल, चढ असेल, उतार असेल. फोटोत कळत नाही. कुंकू काढल्याशिवाय कळणार नाही. रुपेश म्हणून एक जण आहे, जुन्या पोथ्या दुरुस्त करतो. तो म्हणतो, कापसानं अलगद निघेल, कागदाला काही होणार नाही." तिनं दोघांकडं पाहिलं. "पण पोथी तुमची आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी हर्षानं म्हटलं तसंच म्हणेन. कोणाला कळणारही नाही."

"नाईच," वासुदेवराव म्हणाले. "काऊन काढायचं? कोन्या जुन्या मानसानं देवाले लावलं असन."

"जुन्या नाई," प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्यांचे हात चालूच होते. आवाज असा, की जणू दूधवाला आला नाही एवढंच सांगतायत.

"हर्षानं लावलंय ते. पाच वर्साची असन. दसरा होता. तुम्ही तिले म्हटलं, पोथीत देव कोन्ता म्हून नाई, अक्षरच देव. मंग ती बसली अक्षर निवडत. हातानं नोको लावू, पान भरते म्हटलं, म्हून म्या माह्यी कुंकवाची काडी देली. तिनं एक टिकली लावली. म्हने ही आईची. मंग त्याच्यावर बाबाची. मंग तिची. एकाच अक्षराले. म्हटलं, बाकीचे अक्षरं काय सवतीचे हायेत? तर म्हने, ते उद्या."

आकांक्षाचा हात तोंडाकडं गेला. वासुदेवराव उठले, आत गेले, आणि आतून मोबाईलचा आवाज काही आला नाही.

"तिला आठवलं नसेल," आकांक्षा हळू म्हणाली.

"पाच वर्साच्या लेकराले काय आठवते? मले तरी कुठं आठवत होतं, तू काडीचं नाव काढेपर्यंत."

"काकू, मी कार्यक्रमात तसंच म्हणते. तुम्ही हे विसरून जा."

"सांगतो तुले," प्रमिलाबाई म्हणाल्या. "जाय आता. ऊन उतरलं."

ती संध्याकाळ आणि दुसरा दिवस तसाच गेला. प्रमिलाबाईंनी पोथी काढली नाही. काढून काय पाहायचं होतं? तीन ठिपके. पोरीचे कपडे कपाटात तसेच होते, तिची तंबोऱ्याची पेटी दाराआड होती, आणि त्यांच्याकडं पाहूनही काही होत नव्हतं. बाईंनी स्वतःला तपासून पाहिलं, पोळलेल्या जागेला बोट लावून पाहावं तसं. हर्षा सपरीत मांडी घालून बसलेली, जिभेचं टोक बाहेर, काडी धरलेली मूठ. सगळं दिसलं. झग्याचा रंगही दिसला. झालं काही नाही. फक्त भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि वासुदेवरावांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

गोठ्यात गाय दोहताना नवरा बोलला. बायकोच्या तोंडाकडं न पाहता बोलायला ती जागा बरी असते.

"हर्षाची माय, तू हव म्हननार. मले माहीत आहे."

"मंग काऊन विचारता?"

"ते तिचं बोट आहे."

"काडी होती."

"काडी धरनारं बोट होतं ना!" त्यांचा आवाज फाटला. गाय दचकून बाजूला झाली. "दुसरं काय राह्यलं आपल्यापाशी? फोटो कोन्याचाबी निंगते. हे तिनं आपल्या नावानं लावलं. तुह्या, माह्या. त्याले कापसानं पुसाले निंगाली तू!"

"बोट आपनच जाळून आलो," प्रमिलाबाई म्हणाल्या.

बोलून गेल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांना दुसऱ्याचं बोलणं ऐकावं तसं ऐकू आलं. वासुदेवरावांनी कपाळ गायीच्या कुशीला टेकवलं होतं.

"आयका," बाई म्हणाल्या. "ते गानं तिनं कायले धरलं होतं इतके वर्स? दुसरे बनवते तसं चांगलं गानं बनवाचं असतं तर बनवलं असतं, गळा होता तिच्यापाशी. तिले ते त्या जुन्या गुराख्याईचं पायजे होतं. जसंच्या तसं. एक टिंब समजलं नाई तं दोन दोन दिस जेवाची नाई. मी ताट घेऊन मांगं हिंडो. तिले जर हे समजलं असतं, तं आपल्याले विचारलं असतं का तिनं? पह्यले पुसलं असतं, मंग सांगितलं असतं."

वासुदेवरावांनी गायीच्या पाठीवरून हात फिरवला.

"मी हव म्हटलं नाई अजून," त्या म्हणाल्या. "तुमी म्हना. पोथी तुमच्या घरची. मी बाहेरची."

"आता कुठं आठवली बाहेरची!" वासुदेवराव म्हणाले. नाक ओढलं, बादली उचलली. "बलाव त्या पोरीले."

रुपेश नागपूरहून आला, तो आकांक्षाच्या मागं गाडीवर बसून, मांडीवर पेटी धरून. उंच, कमी बोलणारा माणूस. त्यानं सपरीत पांढरं कापड अंथरलं, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. वासुदेवरावांनी लाल फडकं सोडलं. पान उघडलं तेव्हा प्रमिलाबाई खांबाशी उभ्या होत्या. या घरात पोथी उघडली की त्यांची जागा तीच.

"काकू, इकडे या ना," आकांक्षा म्हणाली.

"दिसते इथून."

दिसत नव्हतं. मग वासुदेवरावच म्हणाले, "ये व. आता लेक नाई घरात. तू नाई तं कोन पाहीन?" तेव्हा त्या आल्या आणि पहिल्यांदा त्या पोथीच्या इतक्या जवळ बसल्या. अक्षरं तेलातल्या मुंग्यांसारखी काळी, चिकटलेली. तीन टिकल्या होत्या. खालची मोठी, मधली जरा कलती, वरची अगदी बारीक, काडीवरचं कुंकू संपत आलं असावं.

रुपेशनं बाटलीत कापूस बुडवला, तो आधी दुसऱ्या कागदावर टिपून घेतला आणि मग पानाला टेकवला. घासला नाही. टेकवला, उचलला. कापूस गुलाबी झाला. दुसरा घेतला. टेकवला, उचलला. बारीक टिकली आधी गेली, मग कलती. मोठीला वेळ लागला. वासुदेवराव डोळे मिटून बसले होते. प्रमिलाबाईंनी मिटले नाहीत. एकानं तरी पाहायला हवं.

"झालं," रुपेश म्हणाला आणि भिंग आकांक्षापुढं सरकवलं.

ती बराच वेळ वाकून राहिली. उठली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता.

"खाली काही नाही," ती म्हणाली. "टिंबच नाही."

"टिंब नाही म्हंजे?" वासुदेवरावांनी डोळे उघडून विचारलं.

"म्हणजे आहे तिथंच राहायचं, काका. ओळ चढतच नाही."

"मंग म्हन," प्रमिलाबाई म्हणाल्या.

आकांक्षानं मांडी नीट केली, घसा साफ केला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी ओळ, तीच सकाळी ऐकू येणारी. मग तिसरी. *गाई गेलिया*, आणि 'दूरि' आलं, आणि आवाज हलला नाही. होता त्याच जागी राहिला. *वो, पैले तीरीं*. संपलं. एवढंच. रुपेशनं पेटी बंद करता करता मान वर करून पाहिलं, की राहिलं का काही.

"सपाट वाटतं," आकांक्षा कसनुशी होऊन म्हणाली. "लोकांना आवडणार नाही. तो चढ गेल्यावर त्यात काहीच उरत नाही."

"उरते," प्रमिलाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनाही आपण बोलू असं वाटलं नव्हतं.

"हर्षाच्या गान्यातली बाई हाका मारे. गाई येतीन म्हून. ह्या गान्यातली बाई हाका नाई मारत. गेल्या म्हून सांगते. कोनी विचारलं असन, कुठं गेल्या, तं सांगते. नदीपल्याड. बस."

आकांक्षाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. प्रमिलाबाईंनी ते पाहिलं. आपल्या डोळ्यांत नाही, तिच्या आहे. चला, कोणाच्या तरी आहे.

"मग कार्यक्रमात हर्षाचं रेकॉर्डिंग नको वाजवायला," आकांक्षा म्हणाली. "ते आता चूक ठरलं. मी सांगते त्यांना."

"काऊन नाई वाजवाचं? वाजवजो. पह्यले तिचं, मंग तुह्यं. आन् मधात उभी राहून सांगजो, चुकली म्हनावं. काडीनं टिकल्या तिनंच लावल्या होत्या आन् मोठी झाल्यावर त्याचंच गानं केलं, हे पन सांगजो."

"लोक हसतील, काकू."

"हसू दे ना. हसन्यासारखंच आहे. म्या काय लोकाईले असं सांगितलं, का माह्यी पोरगी चुकतच नाई? चुके. भाकर जाळे, शब्द जाळे, माह्यं डोकस्कं जाळे. तिची चूक झाकून ठेवाले ती कोनाचं उष्टं खाऊन नाई जगली."

बऱ्याच दिवसांनी एका दमात इतकं बोलल्यानं त्यांना दम लागला. वासुदेवराव त्यांच्याकडं पाहत होते, ओळखीचं माणूस बाजारात लांबून दिसल्यावर पाहतात तसं.

रुपेशनं वापरलेला कापूस एका पुडीत बांधला होता. तो चाचरत म्हणाला, "हे तुम्हाला ठेवायचं असेल तर…"

"कायले? कुंकू आहे ते. घरात डबाभर पडलं." मग पोराचं तोंड उतरलेलं पाहून म्हणाल्या, "तुळशीत टाकजो जाता जाता. आन् चहा घेतल्याबिगर जायचं नाई."

चहा झाला. आकांक्षाला तिसरी ओळ घशात बसवून घ्यायची होती. इतकी वर्षं चढायची सवय, गळा आपोआप वर पळत होता. ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली. वासुदेवराव आधी नुसते ऐकत होते. मग त्यांचे ओठ हलायला लागले. त्यांना दुसरं गाणं कुठं येत होतं? म्हणून तेही बारीक आवाजात तिच्या मागं निघाले. *गाई गेलिया*, आणि 'दूरि'ला आकांक्षा जागेवर थांबली, पण त्यांचा म्हातारा, चिरका आवाज एकटाच वर गेला, लेकीनं शिकवलं होतं तिथवर.

आकांक्षा गप्प झाली. वर गेलेल्या आवाजाला खाली यायची वाट सापडेना.

प्रमिलाबाईंनी कप खाली ठेवला.

"वर नोका जाऊ," त्या म्हणाल्या. "इथंच राहा."

वासुदेवरावांनी मान हलवली, घसा खाकरला, आणि आकांक्षाबरोबर ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.